प्रॉक्सीमागच्या सर्व्हिसेसचा पत्ता हरवू नये म्हणून: डॉकर, कॉन्सल आणि एनजिनएक्स, पायरीपायरीनं

एका छोट्या ऑनलाइन दुकानाच्या सिस्टिमवर मी काम करत होते. मागे तीन सर्व्हिसेस होत्या, ऑर्डर, साठा आणि पेमेंट, आणि सगळ्यांच्या पुढे एक एनजिनएक्स, म्हणजे आलेली रिक्वेस्ट योग्य सर्व्हिसकडे पाठवणारा प्रॉक्सी. एका दुपारी आम्ही साठा आणि पेमेंट एकदमच डिप्लॉय केल्या. जुने कंटेनर गेले, नवे आले आणि डॉकरनं आयपी वाटताना त्यांची अदलाबदल झाली. १७२.१८.०.४ हा साठ्याचा पत्ता पेमेंटला मिळाला आणि पेमेंटचा १७२.१८.०.५ साठ्याला. एनजिनएक्सला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे तो जुन्या पत्त्यांवरच रिक्वेस्ट पाठवत राहिला. दोन्ही सर्व्हिसेस ८०८० पोर्टवर ऐकत होत्या, म्हणून कनेक्शन व्यवस्थित लागायचं. फक्त ‘तांदळाची किती पाकिटं शिल्लक आहेत’ हा प्रश्न पेमेंटच्या दारात जाऊन पडायचा आणि पेमेंट प्रामाणिकपणे ४०४, म्हणजे ‘असलं काही इथे नाही’, सांगायचं. सगळे कंटेनर हिरवे होते आणि लॉगमध्ये एकही ५०२ (मागच्या सर्व्हिसशी बोलणं न जमल्याची खूण) नव्हता. दोन तास आम्ही कोडमध्ये चूक शोधली. ती कोडमध्ये नव्हतीच.

तुमच्यावर अशी दुपार येऊ नये म्हणून हा लेख आहे. तुम्हाला डॉकर थोडंफार येतं आणि एनजिनएक्सची कॉन्फिग फाइल उघडून पाहिलेली आहे, एवढंच मी गृहीत धरते. सर्व्हिसेसची नावं आणि सेटिंग्ज इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत जातील.

सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणजे काय ते जुन्या वाड्यावरून पटकन कळतं. वाड्यात बिऱ्हाडं बदलत राहतात. दिंडी दरवाज्याशी एक पाटी असते, कोण कुठल्या खोलीत राहतं ते तिच्यावर लिहिलेलं असतं आणि पोस्टमन ती वाचून पत्र टाकतो. आपल्याकडे बिऱ्हाडं म्हणजे कंटेनर, पोस्टमन म्हणजे प्रॉक्सी आणि पाटी म्हणजे रजिस्ट्री. यात कामं तीन. आलेल्याची नोंद करणं, राहणारा जागेवर आणि धडधाकट आहे ना ते बघणं आणि पोस्टमननं पाटी पुन्हा पुन्हा वाचणं. नवीन माणसं पहिल्या कामावर सगळा वेळ घालवतात. नवं नाव पाटीवर चढवणं सोपं असतं. निघून गेलेल्याचं नाव वेळेवर पुसलं जाणं अवघड असतं आणि रात्री फोन येतात ते त्यामुळेच. पुढच्या पायऱ्यांत माझा सगळा भर या पुसण्यावर आहे.

आधी ठरवा: तुम्हाला कितपत हवं आहे?

सगळ्या सर्व्हिसेस एकाच मशीनवर असतील तर वेगळी रजिस्ट्री लागत नाही. डॉकरमध्ये स्वतःचा डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सोय) आहे, तेवढा पुरतो. पहिल्या दोन पायऱ्या करा, सहाव्या पायरीतला टाइमआउटचा भाग वाचा आणि मग थेट शेवटच्या दोन पायऱ्यांकडे या, तिथलं कॉन्सलचं तेवढं सोडून द्या.

कुबरनेटिस (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी सिस्टिम) वापरत असाल तर पाटी आणि पोस्टमन दोन्ही त्यातच आहेत. सर्व्हिस ऑब्जेक्टला स्थिर नाव आणि स्थिर आयपी मिळतो, नावाचा आयपी कोअरडीएनएस सांगतो आणि रेडिनेस प्रोब, म्हणजे ‘तयार आहेस का’ ही तपासणी, नापास झालेला पॉड (कंटेनरचा गट) यादीतून आपोआप बाहेर जातो. सुरुवातीलाच त्याच्यावर आणखी एक रजिस्ट्री चढवू नका.

मधली परिस्थिती म्हणजे दोन ते दहा-पंधरा साधी लिनक्स मशीन, त्यांवर डॉकर आणि कुबरनेटिसचा पसारा सांभाळायला वेगळं माणूस नाही. पुष्कळ लहान टीम नेमक्या इथे असतात आणि कॉन्सल, म्हणजे वर म्हटलेली पाटी सांभाळणारा प्रोग्राम, त्यांच्या कामाचा आहे. हॅशिकॉर्पनं तो २०१४ मध्ये आणला. २०२३ पासून त्याचा परवाना बदलला आहे. तुमच्या कंपनीच्या आत वापरायला त्यानं अडत नाही, पण कॉन्सलच विकत देणारी सेवा काढायची असेल तर परवाना नीट वाचा.

पायरी पहिली: नाव आणि नेटवर्क

प्रत्येक सर्व्हिसला एक नाव द्या आणि ते बदलू नका. छोटी अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच वापरा. अंडरस्कोर टाळा, कारण हे नाव पुढे डीएनएसमध्ये जाणार आहे आणि होस्टच्या नावात तो चालत नाही.

डॉकर कंपोझ वापरलंत तर तुमच्या सगळ्या सर्व्हिसेससाठी तो एक वेगळं नेटवर्क बनवतो आणि त्या नेटवर्कवर नावं आपोआप चालतात. ऑर्डरच्या कंटेनरमधून ‘साठा’ हे नाव विचारलं की उत्तर मिळतं. ते देतो कंटेनरच्या आतला १२७.०.०.११ या पत्त्यावरचा डॉकरचा डीएनएस. कंपोझशिवाय, नुसत्या रन कमांडनं कंटेनर उठवलेत तर ते डॉकरच्या मूळ ब्रिज नेटवर्कवर जातात आणि तिथे नावं चालत नाहीत. म्हणून स्वतःचं नेटवर्क बनवून कंटेनर त्यात घाला.

इथे हमखास अडखळायला होतं ते पोर्टपाशी. समजा साठा सर्व्हिस कंटेनरच्या आत ८०८० वर ऐकते आणि मशीनवर तुम्ही ती ९००१ वर उघडली आहे. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कंटेनरनं ८०८० वापरायचा. ९००१ हा बाहेरच्यांसाठी. शिवाय एकाच सर्व्हिसचे तीन कंटेनर चालवायचे असतील तर कंपोझ फाइलमध्ये कंटेनरचं नाव ठोकून लिहू नका आणि मशीनचा एकच ठरावीक पोर्टही बांधू नका, नाहीतर दुसरा कंटेनर उठणारच नाही.

पायरी दुसरी: एनजिनएक्सला पुन्हा विचारायला लावा

आमच्या त्या दुपारचं मूळ इथे होतं. प्रॉक्सी पासच्या ओळीत तुम्ही साधं नाव लिहिलंत की एनजिनएक्स सुरू होताना किंवा रीलोड होताना ते एकदाच विचारतो आणि मिळालेला आयपी धरून बसतो. पुढचा रीलोड होईपर्यंत तो परत विचारत नाही. आणि सुरू होतानाच ते नाव सापडलं नाही, म्हणजे साठा अजून उठायची आहे, तर ‘होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम’ म्हणून तो स्वतःच उठायला नकार देतो.

यावर उपाय दोन आहेत आणि कुठला घ्यायचा ते तुमच्या आवृत्तीवर ठरतं.

एनजिनएक्स १.२७.३ किंवा त्यापुढचा असेल, म्हणजे स्थिर आवृत्त्यांत १.२८ पासून, तर सरळ मार्ग घ्या. अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (मागच्या सर्व्हिसेसचे पत्ते लिहायच्या जागी) झोन या डिरेक्टिव्हनं थोडी सामायिक मेमरी द्या आणि सर्व्हरच्या ओळीच्या शेवटी रिझॉल्व्ह हा शब्द जोडा. त्याआधी हे फक्त पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत मिळायचं, म्हणून इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘फुकटच्या एनजिनएक्समध्ये हे जमत नाही’ असं वाचायला मिळेल. ते आता जुनं झालं.

आवृत्ती जुनी असेल आणि बदलता येत नसेल तर व्हेरिएबलचा मार्ग आहे. सेट डिरेक्टिव्हनं एका व्हेरिएबलमध्ये ‘साठा’ हे नाव ठेवा आणि प्रॉक्सी पासमध्ये नावाच्या जागी ते व्हेरिएबल वापरा. व्हेरिएबल दिसलं की एनजिनएक्स नाव सुरुवातीला न विचारता रिक्वेस्ट आल्यावर विचारतो. पण यात एक खड्डा आहे. नेहमीच्या लिखाणात प्रॉक्सी पासच्या शेवटी तिरकी रेघ दिली की लोकेशनचा भाग कापून उरलेला पाथ पुढे जातो. व्हेरिएबल आल्यावर तसं होत नाही. तुम्ही शेवटी जे लिहिलंय तेच जसंच्या तसं पुढे जातं, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट साठा सर्व्हिसच्या मुळाशी पोहोचते. म्हणून शेवटची तिरकी रेघ काढा आणि पाथ कापायचा असेल तर रीराइट डिरेक्टिव्ह ब्रेकसह वापरा.

दोन्ही मार्गांत रिझॉल्व्हरची ओळ, म्हणजे नावं कुठल्या डीएनएसला विचारायची ते सांगणारी, लागतेच. सध्या तिच्यात १२७.०.०.११ लिहा आणि पुढे व्हॅलिड १० सेकंद असं जोडा. व्हॅलिड विसरू नका. डॉकरचा डीएनएस आपल्या उत्तरासोबत ‘हे ६०० सेकंद धरून ठेवा’ असं सांगतो. कंटेनरच्या जगात दहा मिनिटं म्हणजे फार झाली.

याच वेळी लॉगचा साचाही बदला. अपस्ट्रीम ॲड्रेस, अपस्ट्रीम स्टेटस आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ही तीन व्हेरिएबल्स ॲक्सेस लॉगमध्ये घाला. मग प्रत्येक ओळीत दिसतं की ही रिक्वेस्ट प्रत्यक्षात कुठल्या आयपीवर गेली आणि तिथून काय उत्तर आलं. एका ठिकाणी जमलं नाही म्हणून दुसरीकडे पाठवली असेल तर दोन्ही पत्ते स्वल्पविरामानं शेजारीशेजारी येतात. आमच्याकडे त्या दुपारी हे असतं तर साठ्याच्या रिक्वेस्टसमोर पेमेंटचा आयपी दिसला असता आणि दोन तासांचं काम दोन मिनिटांत झालं असतं.

पायरी तिसरी: मशीन वाढली की कॉन्सल

डॉकरचा हा डीएनएस एका मशीनपुरता. दुसऱ्या मशीनवरचे कंटेनर त्याला माहीत नसतात. आता सामायिक पाटी हवी.

कॉन्सलचा एकच प्रोग्राम दोन भूमिकांत चालतो. सर्व्हर भूमिकेतले थोडे, ते यादी सांभाळतात. बाकी प्रत्येक मशीनवर एकेक क्लायंट एजंट. सर्व्हर तीन ठेवा. कुठलाही निर्णय पक्का व्हायला अर्ध्याहून जास्त सर्व्हरांचं एकमत लागतं, त्यामुळे तिनांतला एक गेला तरी चालतं आणि पाचांतले दोन गेले तरी. दोन ठेवणं मात्र एकापेक्षाही वाईट, कारण मग दोघंही हजर लागतात आणि बंद पडायच्या जागा दुप्पट होतात. शिकताना एका मशीनवर डेव्ह मोडमध्ये चालवून बघायला हरकत नाही. त्यातला डेटा फक्त मेमरीत राहतो, म्हणून तो मोड खऱ्या कामाला नको. खऱ्या कामात तिन्ही सर्व्हरांच्या कॉन्फिगमध्ये बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट ३ लिहा आणि सगळीकडे रिट्राय जॉइनमध्ये तिघांचे खासगी आयपी द्या.

फायरवॉलमध्ये ८३०० हा सर्व्हरांकडे जाणारा टीसीपी पोर्ट. ८३०१ हा एजंटांच्या आपसातल्या गॉसिपचा, म्हणजे एकमेकांची खबर घेण्याचा, आणि तो टीसीपी व यूडीपी दोन्हींसाठी उघडावा लागतो. यूडीपी उघडायचं राहून गेलं की फार चमत्कारिक लक्षणं दिसतात. मशीन यादीत येतं, जातं, परत येतं आणि लॉगमध्ये एजंट एकमेकांवर संशय घेत बसतात. असं दिसलं की कॉन्सलमध्ये शोधत बसू नका, आधी फायरवॉल बघा.

८५०० वर कॉन्सलचा एपीआय आणि वेबपान असतं, ८६०० वर डीएनएस. हे दोन्ही पोर्ट इंटरनेटकडे कधीही उघडू नका. एपीआय उघडा असेल आणि स्क्रिप्टनं हेल्थ चेक करायची परवानगी चालू असेल तर बाहेरचा माणूस स्वतःची कमांड ‘चेक’ म्हणून नोंदवून तुमच्या मशीनवर चालवू शकतो. स्क्रिप्ट लागतच असेल तर फक्त स्थानिक फाइलमधल्या स्क्रिप्टना परवानगी देणारं सेटिंग वापरा. एसीएल (कुणाला काय करता येईल याचे नियम) आणि गॉसिपचं एन्क्रिप्शन पहिल्या दिवशीच चालू करा. नंतर चालू करायला गेलात तर चालत्या क्लस्टरवर हात घालावा लागतो.

पायरी चौथी: नोंद, आणि कुठल्या पत्त्यानं

सर्व्हिसची नोंद तिच्या स्वतःच्या मशीनवरच्या एजंटकडे करायची, थेट सर्व्हरकडे नाही. कारण जिथे नोंद होते तोच एजंट पुढे तिची तब्येत तपासतो.

नोंदीत नाव, आयडी, पत्ता, पोर्ट आणि हेल्थ चेक असतं. नाव सगळ्या प्रतींचं एकच, ‘साठा’. आयडी मात्र त्या एजंटवर प्रत्येकीचा वेगळा हवा. एकाच मशीनवर साठ्याच्या दोन प्रती एकाच आयडीनं नोंदवल्या तर दुसरी पहिलीला पुसून टाकते आणि तुम्ही ‘दोन चालू आहेत, मग यादीत एकच का’ म्हणून डोकं धरता. मी आयडीत नाव, मशीन आणि पोर्ट तिन्ही जोडते.

पत्त्याची चूक याहून जास्त होते. कंटेनरला आतून स्वतःचा आयपी १७२.१८.०.४ असा दिसतो. सर्व्हिसनं तोच नोंदवला तर दुसऱ्या मशीनवरच्या प्रॉक्सीला त्याचा काही उपयोग नाही, तो पत्ता त्या मशीनच्या बाहेर पोहोचतच नाही. नोंदवायचा मशीनचा खासगी आयपी आणि मशीनवर उघडलेला पोर्ट, वरच्या उदाहरणातला ९००१. म्हणजे पहिल्या पायरीत जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट, आणि म्हणूनच इथे गोंधळ होतो. एकाच नेटवर्कवर असताना आतला पोर्ट, मशीन ओलांडायचं असेल तर बाहेरचा.

नोंद करायची कुणी? सर्व्हिसचं कोड स्वतः उठताना करू शकतं किंवा डिप्लॉय स्क्रिप्ट. मी ते स्क्रिप्टकडे देते. ती एजंटच्या कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये एक छोटी जेसन फाइल ठेवते आणि एजंटला रीलोड करायला सांगते. मग ऑर्डर, साठा, पेमेंट लिहिणाऱ्यांना कॉन्सल ठाऊक असायची गरज राहत नाही.

झालं की डिग कमांडनं १२७.०.०.१ च्या ८६०० पोर्टला ‘साठा.सर्व्हिस.कॉन्सल’ हे नाव विचारा. साध्या विचारणीत फक्त आयपी मिळतो. पोर्टही हवा असेल तर एसआरव्ही प्रकारची नोंद मागा, त्या उत्तरात पोर्ट येतो. कंटेनर वेगवेगळ्या पोर्टवर असतात तेव्हा एसआरव्हीशिवाय पर्याय नाही.

पायरी पाचवी: हेल्थ चेक

प्रत्येक सर्व्हिसमध्ये तब्येतीसाठी एक वेगळा पाथ ठेवा आणि एजंटला तिथे दर १० सेकंदांनी एचटीटीपीनं विचारायला सांगा, टाइमआउट २ सेकंद. २०० ते २९९ मधलं उत्तर आलं तर सर्व्हिस ठीक, ४२९ आलं तर इशारा, बाकी काहीही आलं तर क्रिटिकल. क्रिटिकल प्रत डीएनएसच्या उत्तरातून गळते. इशाऱ्यातली प्रत मात्र राहते, ती नको असेल तर ओन्ली पासिंग सेटिंग चालू करा.

या पाथनं काय तपासायचं, यावर मला ठाम सांगायचं आहे. फक्त स्वतःपुरतं तपासा. ‘मी उठले आहे, कॉन्फिग वाचली आहे, रिक्वेस्ट घेऊ शकते’ इतकंच. डेटाबेस जिवंत आहे का, पेमेंट उत्तर देतं का, हे त्यात घालायचा मोह होतो. मग डेटाबेस पाच सेकंद अडखळला की साठ्याच्या सगळ्या प्रती एकदम क्रिटिकल होतात, यादी रिकामी होते आणि डेटाबेसशिवाय चालणारी पानंही बंद पडतात. डेटाबेसवर लक्ष हवंच, पण ते मॉनिटरिंगच्या अलार्ममध्ये ठेवा, यादीतून नाव काढायच्या निर्णयात नको.

मशीनच बंद पडलं तर त्यावरचा एजंटही गेला, मग तपासणार कोण? यासाठीच एजंट आपसात गॉसिप करत असतात. एखादा गप्प झाला की शेजारचे काही सेकंदांत त्याला गेला म्हणून जाहीर करतात आणि त्याच्यावरच्या सगळ्या सर्व्हिसेस उत्तरांतून निघून जातात.

‘इतका वेळ क्रिटिकल राहिली तर नोंदच काढून टाक’ असंही एक सेटिंग आहे, कमीत कमी एक मिनिट. ते फार कमी ठेवू नका. क्रिटिकल प्रत तशीही कुणाला दिली जात नाही. पण नोंदच पुसली गेली आणि पाच मिनिटांनी सर्व्हिस सावरली, तर ती परत आपोआप यादीत येत नाही, कुणीतरी पुन्हा नोंदवावी लागते. मी ३० मिनिटं ठेवते.

पायरी सहावी: प्रॉक्सी आणि कॉन्सलची गाठ

नव्या एनजिनएक्समध्ये रिझॉल्व्हरच्या ओळीत १२७.०.०.१ आणि ८६०० पोर्ट लिहा, व्हॅलिड ५ सेकंद. अपस्ट्रीमच्या सर्व्हर ओळीत नाव ‘सर्व्हिस.कॉन्सल’, पुढे सर्व्हिस या पॅरामीटरमध्ये ‘साठा’ आणि शेवटी रिझॉल्व्ह. एनजिनएक्स यातून एसआरव्हीचं पूर्ण नाव तयार करतो आणि पोर्टसकट यादी घेतो.

एनजिनएक्स स्वतः कंटेनरमध्ये असेल तर हे चालणार नाही. कंटेनरच्या आतून १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच, तिथे कॉन्सल नाही. प्रॉक्सीला होस्ट नेटवर्कवर चालवा, हे सगळ्यांत सोपं. नाहीतर एजंटला क्लायंट ॲड्रेसच्या सेटिंगमध्ये मशीनचा खासगी आयपी द्या. पण मग ८५०० सुद्धा त्या आयपीवर उघडतो हे ध्यानात ठेवून फायरवॉल आवळा.

एनजिनएक्स जुना असेल तर कॉन्सल टेम्प्लेट हा वेगळा प्रोग्राम आहे. यादी बदलली की तो साच्यातून अपस्ट्रीमची फाइल नव्यानं लिहितो आणि एनजिनएक्सला रीलोड करायला सांगतो. त्याची एक गोष्ट लक्षात असू द्या. यादी रिकामी झाली तर अपस्ट्रीम ब्लॉकही रिकामा लिहिला जातो, एनजिनएक्स तशी फाइल नाकारतो आणि मग इतर सर्व्हिसेसचे बदलही अडकून पडतात. म्हणून साच्यात ‘यादी रिकामी असेल तर’ अशी अट घाला आणि तिथे कुणी ऐकत नसलेला एखादा स्थानिक पोर्ट लिहा. साठ्याला ५०२ मिळेल, पण बाकीचं दुकान चालू राहील.

आता थोडा हिशेब करू. साठ्याची एक प्रत, नुकतीच तपासणी पास झाल्यावर लगेच मेली. पुढची तपासणी १० सेकंदांनी, ती टाइमआउट व्हायला २, आणि एनजिनएक्सनं परत विचारेपर्यंत जास्तीत जास्त ५. म्हणजे १७ सेकंदांपर्यंत मेलेल्या प्रतीकडे रिक्वेस्ट जात राहतील. ही फट शून्य होत नाही, म्हणून ती प्रॉक्सीनं झेलायला हवी. प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. एकाच नेटवर्कमध्ये तो २ सेकंदांवर आणा, नाहीतर गायब झालेल्या मशीनपाशी ग्राहक मिनिटभर ताटकळतो. कनेक्शन लागलं नाही किंवा टाइमआउट झाला तर एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्येच पुढच्या प्रतीकडे वळतो. फक्त पोस्टसारखी, म्हणजे काही बदल करणारी, रिक्वेस्ट एकदा पाठवून झाली असेल तर तो ती दुसरीकडे परत पाठवत नाही, आणि ते योग्यच आहे. ते जबरदस्तीनं बदलायचं सेटिंग उपलब्ध आहे, पण पेमेंटच्या बाबतीत त्याला हात लावू नका. ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील.

पायरी सातवी: निरोप नीट घ्या

मघाचा हिशेब अपघाताचा. डिप्लॉय हा अपघात नाही, तो आपणच करतो, तेव्हा तिथे एकही रिक्वेस्ट पडायचं कारण नाही. क्रम असा ठेवा. आधी त्या प्रतीला कॉन्सलच्या मेंटेनन्स मोडमध्ये टाका किंवा नोंद काढा. मग व्हॅलिडपेक्षा थोडं जास्त, म्हणजे ७-८ सेकंद थांबा, तोवर प्रॉक्सी नवी यादी घेतो. मग कंटेनरला थांबायला सांगा. नवी प्रत उठून तिचा चेक पास झाल्याशिवाय पुढच्या जुन्या प्रतीला हात लावू नका.

डॉकरच्या स्टॉप कमांडनं कंटेनरला आधी सिगटर्म, म्हणजे ‘आवरून थांब’ असा सिग्नल, जातो आणि १० सेकंदांत तो थांबला नाही तर जबरदस्तीनं बंद करणारा सिगकिल. सिगटर्म आल्यावर सर्व्हिसनं नवीन रिक्वेस्ट घेणं थांबवून हातातल्या पुऱ्या करायच्या असतात. बहुतेक फ्रेमवर्कमध्ये त्याची सोय असते. पण डॉकरफाइलमध्ये सुरुवातीची कमांड चौकोनी कंसांतल्या यादीऐवजी नुसत्या ओळीसारखी लिहिली असेल, तर मधे शेल बसतो आणि तो सिगटर्म पुढे देतोच असं नाही. तुमची सर्व्हिस निवांत चालत राहते आणि दहाव्या सेकंदाला तिचा गळा आवळला जातो. स्टॉप केल्यावर कंटेनर थांबायला दर वेळी बरोबर दहा सेकंद लागत असतील तर हेच चाललंय असं समजा.

पायरी आठवी: मारून बघा

हे झाल्याशिवाय काम झालं असं मानू नका. दिवसाउजेडी, टेस्टच्या सेटअपवर. एका टर्मिनलमध्ये कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या कमांडची लूप लावा, सेकंदाला पाच रिक्वेस्ट, प्रत्येकीचं स्टेटस आणि लागलेला वेळ छापणारी. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एनजिनएक्सचा लॉग. साठ्याच्या तीन प्रती चालू ठेवा आणि त्यांतली एक तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी घालवा.

पहिल्यांदा डॉकर किल. पोर्ट लगेच कनेक्शन नाकारतो, एनजिनएक्स त्याच क्षणी दुसऱ्या प्रतीकडे वळतो आणि लॉगमध्ये दोन पत्ते स्वल्पविरामासह दिसतात. ग्राहकाला काही कळायला नको.

दुसऱ्यांदा त्या मशीनचं नेटवर्क तोडा. नकारही येत नाही, नुसती शांतता. इथे कनेक्ट टाइमआउट कामाला येतो. काही रिक्वेस्टना दोन सेकंद जास्त लागतील आणि थोड्या वेळात ती प्रत यादीतून जाईल. ६० सेकंद लागलेली एकही रिक्वेस्ट दिसली तर सहाव्या पायरीतलं सेटिंग लागू झालेलं नाही.

तिसऱ्यांदा डॉकर पॉज. ही परीक्षा मी कधीही वगळत नाही. प्रोसेस गोठते, पण लिनक्सचं कर्नल तिच्या वतीनं टीसीपी कनेक्शन स्वीकारत राहतं. त्यामुळे कनेक्ट टाइमआउटचा उपयोग होत नाही, आणि हेल्थ चेक नुसता टीसीपीचा असेल तर कॉन्सललाही ती प्रत ठणठणीत दिसते. एचटीटीपीचा चेक असेल तर दोन सेकंदांत टाइमआउट होऊन ती क्रिटिकल होते. तोवर तिच्याकडे गेलेल्या रिक्वेस्ट प्रॉक्सी रीड टाइमआउट संपेपर्यंत लटकतात आणि तोही मुळात ६० सेकंदांचाच आहे. साठ्यासारखी सर्व्हिस अर्ध्या सेकंदात उत्तर देत असेल तर तिच्या लोकेशनला तो ५ सेकंदांवर आणा. महिन्याचा अहवाल बनवणाऱ्या लोकेशनला वेगळा, मोठा ठेवा. मग अनपॉज करून ती प्रत किती सेकंदांत परत कामाला लागते ते लॉगमध्ये बघा. तिचा पत्ता दिसायला लागल्यावर लूप थांबवा, तिन्ही वेळा किती रिक्वेस्ट पडल्या ते मोजा आणि तो आकडा त्या सर्व्हिसच्या कॉन्फिगशेजारी तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी टाइमआउट बदलला की याच तीन परीक्षा परत करता येतील.